गुजरी रस्त्यावरचे अकरा दगड

बापूराव किराणा, माडीवरून
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

प्रिय स्वाती,

जोहार. नुसता नमस्कार लिहिला असता तर तू म्हणाली असतीस, दिव्या आता ऑफिसची झाली.

इथे सगळे ठीक. बाबांचा खोकला आहे तिथेच आहे, आईचे गुडघे रोज जिन्याशी भांडतात, आणि पोळा दहा दिवसांवर आल्यामुळे दुकानात झुली, घुंगरं आणि रंगाच्या पुड्या टांगल्या आहेत. तुझी आश्रमशाळा कशी चालली आहे? मुलचेऱ्याकडे यंदा धानाची रोवणी वेळेवर झाली असं ऐकलं. सुरजरावांना नमस्कार सांग. त्यांचं नाव मला बांगड्यावाल्या वच्छलाबाईंकडून कळलं, लग्नाची पत्रिका काही माझ्यापर्यंत आली नाही. बरोबरच केलंस.

पावणेतीन वर्षं आपण एक शब्द बोललो नाही. फोन लावला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी भलतंच काही बोलून जाईन, म्हणून पत्र. मला लिहायचं आहे ते बुधरीमायच्या जागेबद्दल. तुझी माय आणि तुमच्या गावच्या दहा बाया दर रविवारी आमच्या दुकानापुढे बसायच्या, त्या जागेबद्दल. ती त्यांना परत मिळू शकते, पण दिवस थोडे आहेत. एवढं लिहिलं आणि हात अडला. तोवर रस्त्याबद्दल सांगते. रस्त्याबद्दल मी न थांबता बोलू शकते, इथल्या कोणालाही विचार.

तू शेवटचा पाहिलास तेव्हा गुजरी रस्ता खोदून ठेवलेला होता. त्याआधीचा तर आपल्या दोघींना पाठच आहे. बायपास झाला, एसटी गावाबाहेरून जायला लागली आणि हा रस्ता बसत गेला. टॉकीज बंद पडली. बहात्तर गाळ्यांपैकी एकतीस गाळ्यांना कुलूप. ज्यांना जमलं त्यांनी बायपासवर दुकान थाटलं, नव्या लेआऊटमध्ये घर बांधलं, आणि त्यांच्या माड्यांवर कबुतरं राहायला आली. तू वसतिगृहातून आमच्याकडे यायचीस तेव्हा दिवेलागणीनंतर तुला परत सोडायला बाबा स्वतः यायचे, इतका तो सुना.

नगरपरिषदेत मी रचना सहायक म्हणून लागले, म्हणजे साध्या भाषेत नकाशे काढणारी. हा रस्ता माझ्याकडे आला तेव्हा साहेब म्हणाले होते, दोन्ही बाजूंनी गटार आणि मधे सिमेंट, संपलं काम. मी म्हटलं, माणसं राहायला आली नाहीत तर सिमेंटावर कबुतरंच चालतील. माझा आराखडा साधा होता. खाली दुकान, वर घर, मधे चालायला वाट आणि वाटेवर सावली. जुने लोक असेच राहत होते. मी नवीन काही शोधून काढलं नाही, जुनं तेच नियमात बसवलं. जो माडी दुरुस्त करून तिथे राहील किंवा कोणाला ठेवील, त्याला गाळा वाढवायची परवानगी आधी. नुसतं कुलूप लावून बसेल तो रांगेत शेवटी. पहिल्या सभेला सात लोक आले, त्यातले दोघे चहासाठी. पाचव्या सभेला टॉकीजमधल्या खुर्च्या कमी पडल्या.

आज एकसष्ट गाळे उघडे आहेत. टॉकीजमध्ये खाली भाजीचे ओटे, वर वाचनालय, आणि पडदा होता त्या भिंतीला पुस्तकांची कपाटं. वच्छलाबाईंनी बांगड्यांचं दुकान अर्धं करून उरलेल्या अर्ध्यात खानावळ काढली आणि माडीवर नर्सिंगच्या सहा मुली ठेवल्या. त्या मुली खिडक्या उघड्या टाकून मोठमोठ्यानं अभ्यास करतात, त्यामुळे खाली कोणाची वेडंवाकडं वागायची छाती होत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. त्याची चावी वच्छलाबाईंकडे असते आणि त्यांच्या तोंडाच्या धाकानं ते जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ आहे. नऊ कडुनिंब होते, नऊच्या नऊ उभे आहेत. पोस्टासमोरच्या एकासाठी मी गटाराची रेघ वाकवली आणि कंत्राटदाराशी दोन महिने भांडले. तो म्हणायचा, मॅडम, एका झाडापायी कशाला? मी म्हणायचे, मग तुमची सावली तुम्ही घरून आणा.

लोक मला 'रोडवाली बाई' म्हणतात. आधी राग यायचा. आता कोणी नुसतं दिव्यानी मॅडम म्हटलं की चुकल्यासारखं वाटतं. बाबा तर गिऱ्हाइकाला मीठ बांधता बांधता सांगतात, "हा रोड माया पोरीनं काढला," जणू मी तो एकटीनं फावड्यानं ओढून काढला. बाहेरगावची मंडळी पाहायला येतात, फोटो काढतात, वहीत लिहून घेतात. राज्याच्या एका स्पर्धेत आपल्या रस्त्याचं नाव गेलं आहे, ऑक्टोबरात पाहणी आहे. मी माझीच पाठ थोपटते आहे, ठाऊक आहे मला. थोपटणारच. तीस वर्षांच्या आयुष्यात एवढं मोठं दुसरं काही मी केलेलं नाही.

फक्त रविवारी रस्ता थोडा रिकामा वाटतो. त्याचंच कारण लिहायला बसले होते, पण आईनं जेवायला हाक मारली. उरलेलं उद्या लिहिते.

बुधवार, १३ ऑगस्ट

काल आईनं हाक मारली नव्हती. आमचं जेवण तासाभरापूर्वीच झालं होतं.

तर आता सांगते. मे २०२२ मध्ये मी या रस्त्याची मोजणी केली. गाळे, माड्या, झाडं, खांब आणि रस्त्यावर बसून विकणारे. नियम असा होता की लागोपाठ तीन रविवार जो हजर दिसेल त्याचं नाव यादीत, आणि यादीतल्याला नव्या रस्त्यावर पक्की जागा. नियम मी केला नव्हता. पण मोजणी कोणत्या महिन्यात करायची हे मी ठरवलं होतं. उन्हामुळे वर्दळ कमी, फीत टाकायला सोपं, म्हणून मे.

तुला पुढचं सांगायला नको. त्या दिवसांत तुमचं गाव पहाटे तेंदूपत्त्याला निघतं आणि दिवस चढल्यावर घरोघरी पुडे बांधत बसतं. तीन-चार आठवडे बाजाराला कोणी येत नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. चौथीच्या सुट्टीत बाबांनी मला आठ दिवस तुमच्याकडे सोडलं होतं. एका पुड्यात सत्तर पानं असतात हे बुधरीमायनं मला शिकवलं, आणि माझे पुडे नेहमी अडुसष्टाचे निघायचे म्हणून तुम्ही सगळे पोट धरून हसायचात.

आणि त्या नसताना त्यांची जागा कोण राखतं, तेही मला माहीत होतं. प्रत्येकीचा बसायचा एक दगड. घरी जाताना ती तो तिथेच ठेवून जायची. दगड आहे म्हणजे जागा धरलेली आहे, मालकीण येणार आहे. आपल्या बाजारात दुसरीच्या दगडावर कोणी बसत नाही, महिनाभर ती आली नाही तरी बसत नाही. ज्या भाजीवाल्या टोपलीभर जागेसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटतात, त्यासुद्धा त्या अकरा दगडांना वळसा घालून जायच्या. बुधरीमायच्या दगडावर फक्त मी बसायचे, दुकानात कंटाळा आला की. ती मला चारोळ्या फोडून द्यायची आणि पाढे म्हणायला लावायची. तिला स्वतःला पाढे येत नव्हते, पण मी चुकले की तिला चालीवरून कळायचं.

मोजणीच्या कागदात 'अडथळे' असा एक रकाना होता. त्यात माझ्या अक्षरात एक ओळ आहे. सुटे दगड, अकरा नग, उचलणे.

बाबा तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी वाकून कागद पाहिला आणि म्हणाले, "बुधरीचे गोटे हायेत थे. तेंदूहून आल्या तं बसतीन कुठी?"

मी मान वर न करता म्हटलं, "बाबा, यादीत माणसं मांडतात, गोटे नाई."

ते आत गेले. मी पुढच्या गाळ्याला फीत लावली.

तू समजतेस मी विसरले. सगळ्यांना तसंच वाटतं, आणि मी ते वाटू दिलं. स्वाती, मी विसरले नव्हते. यादी जूनच्या पाच तारखेला नागपूरला पोचायची होती. पुन्हा मोजणी म्हणजे पावसाळा, आणि पावसाळा म्हणजे एक वर्ष गेलं. शिवाय नकाशावर ती जागा मोकळी फार छान दिसत होती, दुचाक्या तिथे अगदी नीट बसत होत्या. कळतं पण वळत नाही असं लोक म्हणतात. मला कळत होतं आणि वळायचं नव्हतं.

ते दगड रस्त्याच्या भरावात गेले. ज्या रस्त्याचं काल मी पान-पानभर कौतुक केलं, त्याच्याच पोटात आहेत.

मग नोव्हेंबरात तू ऑफिसात आलीस. सगळ्यांसमोर ओरडशील अशी मला भीती होती, पण तू माझ्या टेबलाशी उभी राहून हळू आवाजात विचारलंस, मायचं नाव यादीत का नाही? उत्तर मला पाठ होतं. ते द्यायचं सोडून मी तुलाच विचारलं, "तीस दिवस यादी भिंतीवर लागली होती. हरकत काऊन घेतली नाई?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. यादी जूनमध्ये लागली होती. पेरणी-रोवणीचे दिवस सोडून, पन्नास किलोमीटरवरून, ऑफिसच्या भिंतीवरचा कागद वाचायला कोण येणार नाही, हे त्या ऑफिसात माझ्याइतकं कोणालाही माहीत नव्हतं.

तू म्हणालीस, "मायनं हरकत घेतली तवाच तुले माय दिसन का?"

आणि गेलीस. मी तुझ्या मागे जिन्यापर्यंतसुद्धा आले नाही. टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

गेल्या महिन्यात बाहेरगावच्या पाहुण्यांना रस्ता दाखवला आणि मग मार्कंड्याचं देऊळ दाखवायला नेलं. परतताना एका फाट्यावर त्यांना वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, घ्यायचे होते म्हणून गाडी थांबवली. झाडाखाली पोतं अंथरून बुधरीमाय बसली होती. मायनं तुला सांगितलं असेलच. तिनं मला लगेच ओळखलं. बाबांच्या खोकल्याला काय देता असं विचारलं, अडुळशाचा काढा कसा करायचा ते सांगितलं, आणि पाहुण्यांच्या पिशवीत दोन मुठी वास्ते वरून टाकले. मग म्हणाली, "तुया रोड लय चांगला झाला म्हंतेत, बाई. मी तं पाह्यला नाई अजून."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणे मारणारी तू, तुझी माय नाही. तिला खरोखर बरं वाटलं होतं, माझं काहीतरी चांगलं झालं याचं. गाडीत पाहुण्यांनी विचारलं, ओळखीच्या का? मी म्हटलं, हो, आधी आमच्याकडच्या बाजारात बसायच्या. जिनं मला पाढे घोकवून घेतले, तिच्याबद्दल मी एवढंच बोलले.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. मोठेपणा म्हणून नाही, तुला पुढचं कळावं म्हणून. आता रस्त्याचा दुसरा टप्पा सुरू होतो आहे, टॉकीजपासून रेल्वे फाटकापर्यंत. त्यासोबत पहिल्या टप्प्यातही बदल करता येतात. सुधारित आराखडा चार ऑगस्टला भिंतीवर लागला. मी साहेबांना सगळं सांगितलं, आणि फाईलला तीन ओळींची टिपणी लावली, की मोजणीत अकरा बाया गाळल्या गेल्या आणि त्या मी गाळल्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, तुमच्या टिपणीनं आराखडा बदलत नाही. बाहेरच्या माणसाची लेखी हरकत आली तर सुनावणी होईल, सुनावणी झाली तर बदल होईल. आणि ऑक्टोबरच्या पाहणीआधी हे उकरून काढायचंच आहे का तुम्हाला? मी म्हटलं, हो. आवाज जरा बारीक आला, पण हो म्हटलं.

बाबांना म्हटलं, तुम्हीच लिहा हरकत. ते तराजू पुसत होते. म्हणाले, ज्यांची जागा गेली त्यांनी लिहावं, ज्यांनी घेतली त्यांनी नाही. मग तराजू जागेवर ठेवत, "आपण घेतली थे." आपण म्हणाले, त्यांचा काही दोष नसताना. त्यांच्या दुकानापुढे आता ओळीनं दुचाक्या उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाला त्यातून वाट काढत यावं लागतं. बाया मोहफूल, टेंभरं, तरोट्याची भाजी विकून घरी निघताना मीठ, मिरची, तेल आमच्याकडून न्यायच्या. त्यांच्याकडे आलेलं गिऱ्हाईक मग आमच्याकडे वळायचं. रविवार त्यांचा होता म्हणून आमचाही होता. खाली दुकान, वर घर असं चार गावांना शिकवत फिरणाऱ्या मला आपल्याच दारातला बाजार मोजता आला नाही.

म्हणून स्वाती, हरकत लिही. दोन सप्टेंबरला मुदत संपते. मायचा अंगठा घे, तुझी सही कर, अकरा जणींची नावं घाल. मजकूर मी लिहून देणार नाही. माझी भाषा सरकारी झाली आहे, तुझी व्हायला नको. मागण्या मात्र दोन घाल. दुचाक्या टॉकीजच्या मागे न्याव्यात आणि बापूराव किराणापुढची सावलीची जागा या अकरा जणींना द्यावी. आणि दुसरी, तेंदू, मोह, रोवणी या दिवसांत जागा रिकामी दिसली तरी ती सोडलेली समजू नये, हे नियमात लिहावं. बाजारातल्या बायांनी हे कागदाशिवाय पाळलं होतं. मला ते कागदावर आणायचं आहे. असा नियम दुसऱ्या कुठल्या गावाच्या रस्त्याला असेल असं मला वाटत नाही. आपल्या रस्त्याला असला तर मी पाहुण्यांना आधी तो दाखवीन, कडुनिंब नंतर.

आणि एक वाक्य विसरू नकोस. मोजणी करणाऱ्या बाईला हे दगड कोणाचे ते माहीत होतं, असं लिही. बाईचं नाव लिही. ते गाळलंस तर सुनावणीची समिती 'अनवधानाने राहिले' असा शेरा मारून मोकळी होईल, आणि पुढच्या मोजणीत आणखी कोणीतरी अनवधानानं राहील. माझं काय होईल? स्पर्धेतून नाव जाईल बहुतेक, एखादी नोटीस येईल, साहेब चार दिवस बोलणार नाहीत. होऊ दे. रस्ता चांगला झाला आहे, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. तो तुमच्यावाचून चांगला म्हणवून घेतो, याची लाज वाटते. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मला एकाच वेळी वाटतं.

माफ कर असं या पत्रात लिहीत नाही. ते आपल्या दोघींतलं आहे, त्याला मुदत नाही. तुला वाटेल तेव्हा, किंवा नाहीच वाटलं तरी. जागेला मात्र मुदत आहे.

एवढंच सांगायचं राहिलं. सुनावणीच्या दिवशी आलेली प्रत्येक हरकत समितीसमोर उभं राहून मोठ्यानं वाचावी लागते. ते काम रचना सहायकाचं, म्हणजे माझं. तू काय लिहिशील मला ठाऊक नाही, पण त्यातला एकही शब्द गाळणार नाही. माझं नाव येईल तिथे आवाज खाली करणार नाही.

तुझ्या हरकतीची वाट पाहणारी,
दिव्यानी